साध्य : दोष माझ्या घरात नाही

बाईंना शेवटी येणारी कबुली आवडत नसे. भूमितीच्या तासाला त्या म्हणायच्या, "आधी पक्ष लिही. जे ठाऊक आहे ते आधी मांड. ते लपवून सिद्धता होत न्हाई." म्हणून आधीच मांडतो. बाईंच्या घरच्या इंटरनेटचा वेग आठ महिने पडलेला होता, आणि तो का पडलाय हे सगळ्या अंबडमध्ये दोनच माणसांना माहीत होतं. एक मी. दुसरा आमच्या ऑफिसचा लाइनमन, ज्याला लहानथोर सगळे मामू म्हणत. मामूनं जे केलं ते माझ्या सांगण्यावरून केलं, तेव्हा त्याला इथंच वगळतो.

मी टेलिफोन ऑफिसात तक्रारींच्या टेबलावर होतो. बाई आमच्या शाळेत गणित शिकवायच्या, मलाही नववी-दहावीला त्याच होत्या. त्यांना निवृत्त होऊन सतरा का अठरा वर्षं झाली होती. हे 'सतरा का अठरा' त्यांनी चालवून घेतलं नसतं. साधारण, जवळपास, अंदाजे हे शब्द कानावर आले की त्यांची भुवई वर जायची. त्यांच्या वडिलांची मेंढरं होती. बाई सांगायच्या, "माझा बाप अंगठाबहाद्दर. पण सांजच्याला मेंढरं आत घेताना दोन कमी भरली तर, साधारण बराबर आहेत, असं म्हणून त्यानं कधी वाडग्याचं फाटक लावलं न्हाई. मागं फिरायचा. शिकलेली माणसंच साधारण म्हणतात."

जुन्या विद्यार्थ्यांना त्या नावानं हाक मारत नसत, हजेरीच्या नंबरानं मारत. मी एकवीस. कोर्टातला एक नावाजलेला वकील चार नंबर होता आणि बाजारातला खतवाला तेहतीस. रस्त्याच्या पलीकडून "ए चार" अशी हाक आली की तो वकील पक्षकारांसमोर फाईल काखेत दाबून सरळ उभा राहायचा. त्यांच्या अंबाड्यात नेहमी खडूचा तुकडा खोचलेला असे. काष्टी पातळ, पायांत पुरुषी बूट, आणि अंबाड्यात खडू. लग्न केलं नाही. का नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "प्रश्न अपुरा आहे. कुणाशी ते विचार."

बाईंची भाची सविता भोकरदनकडे हसनाबादला दिलेली. वय तेहतीस, अंगणवाडीत मदतनीस. शाळा आठवीतून सुटलेली, कारण लग्न ठरलं. तिथली सेविका निवृत्त व्हायला आली होती. सविता दहावी पास झाली असती तर तिला त्या जागेसाठी अर्ज करता आला असता, नाहीतर बाहेरून कुणी येणार होतं आणि सविता जन्मभर खिचडीचं पातेलं घासत राहणार होती. बाईंनी तिचा बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. बाकीचे विषय सविता पुस्तकावर करणार होती, गणित बाई घेणार होत्या. दर शनिवारी त्या एसटीनं जालन्याला जायच्या, तिथून गाडी बदलून हसनाबादला, रविवारी परत. पंच्याहत्तरीची बाई. मग मेमध्ये अंगणात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी एसटी बंद केली.

दवाखान्यातून घरी आल्यावर आठव्या दिवशी बाईंनी जुन्या टेलिफोनवर इंटरनेट घेतलं. भाच्याचा जुना लॅपटॉप आणला. हसनाबादला सविताच्या मोबाईलला टॉवर चांगला होता. रोज सकाळी सात वाजता, अंगणवाडी उघडायच्या आधी, एक तास गणित. आठ एमबीचा प्लॅन होता. बाईंना मिळत होतं पाऊण एमबी, तेही तुटत तुटत. त्यांचं तोंड पडद्यावर थिजायचं, आवाज पुढं निघून जायचा आणि वर्गसमीकरणाचा मधला भाग वाटेत कुठंतरी गळून पडायचा.

आता मला ठाऊक असलेलं सांगतो. टेलिफोनची प्रत्येक लाइन म्हणजे तांब्याच्या दोन तारांची जोडी. जमिनीखालच्या जाड केबलमध्ये अशा कितीतरी जोड्या असतात. केबल जुनी झाली की पाणी शिरतं, सांधे गंजतात, काही जोड्या धड राहतात, काही अर्धमेल्या होतात. बोलायला अर्धमेली जोडीही चालते. थोडी खरखर येते, माणूस आवाज चढवतो, काम भागतं. नेटला ती चालत नाही. बाईंच्या मागच्या गल्लीत माझं घर, दोघांच्या लाइनी एकाच केबलमधून आलेल्या. लॉकडाऊनच्या वर्षी माझी मुलगी पुण्याहून घरी आली, तिची परीक्षा घरूनच होती, आणि माझी जोडी अर्धमेली होती. बाईंकडं तेव्हा नुसता फोन होता. मी मामूला म्हणालो, दोन महिन्यांपुरती अदलाबदल कर. मामू खांबावरून खाली बघत एवढंच म्हणाला, "साब, पूछ तो लो उनको." मी विचारलं नाही. मुलगी परीक्षा देऊन गेली, तिला नोकरी लागली. जोडी माझ्याकडंच राहिली. मी तिच्यावर जुन्या क्रिकेट मॅच बघत होतो.

तोवर कुणाचं नुकसान नव्हतं, असं मी मनाला सांगत होतो. बाईंची पहिली तक्रार माझ्या टेबलावर आली तेव्हा तेही सांगता येईना. तरी मी तोंड उघडलं नाही. आमच्याकडं रीत अशी की दिवसभरातल्या तक्रारी पाचच्या आत बंद झालेल्या दिसल्या पाहिजेत. कारण सापडलं नाही तर 'ग्राहकाच्या घरातील वायरिंग सदोष' असं लिहायचं. मी तेच लिहिलं.

चार दिवसांनी पोस्टानं पत्र आलं. आखीव कागद, समास सोडलेला.

'पक्ष : प्लॅन आठचा, मिळतो पाऊण. साध्य : दोष माझ्या घरात नाही. रचना : स्वयंपाकघरातला पॅरलल फोन तारेसकट काढून टाकला. सिद्धता : वेग मोजला. पाऊणच आहे. म्हणून दोष पॅरलल फोनात नव्हता.'

मी कळवलं, फोन आणि नेट वेगळं करणारी डबी खराब असेल. बाईंनी नवी डबी आणवली, मोजलं, लिहिलं. मी म्हणालो, मोडेम आतल्या खोलीत आहे, तार जिथं घरात शिरते तिथं ठेवा. त्यांनी मोडेम ओसरीवर आणला, स्वतःची खुर्चीही तिथंच आणली, आणि डिसेंबरच्या थंडीत सकाळी सातला शाल गुंडाळून ओसरीवर बसू लागल्या. मी म्हणालो, वायफाय सोडा, केबल लावा. लावली. इन्व्हर्टर बंद करा. केला. ट्यूबलाइटचा चोक त्रास देतो. ट्यूब काढली, कंदील लावला. खांबापासून घरापर्यंतची तार जुनी आहे. त्यांनी तेहतीस नंबरच्या मागं लागून नवी तार मागवली आणि मामूकडून ओढून घेतली. खतवाला स्वतःचा मोडेम तीन दिवस उसना देऊन गेला, बाईंच्या मोडेमचाही संशय फिटावा म्हणून.

लाज याची वाटते की मी सांगितलेली एकही गोष्ट चुकीची नव्हती. घरचा वेग वाढवायचा असेल तर माणसानं हेच करावं. दुसऱ्या कुणाचा वेग यातनं दुप्पट झाला असता. मी खरी औषधं देत होतो, आजार दडवून.

मोडेमचं आतलं पान उघडायलाही त्या शिकल्या. त्या पानावर दोन आकडे असतात. सिग्नल वाटेत किती झिजला, आणि खरखरीच्या वर किती उरला. बाई ते आकडे रोज तीनदा बघायच्या, वेगही मोजायच्या आणि तो वेग घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर लिहायच्या. त्यासाठी भिंतीला काळा रंग मारून घेतला होता. 'कबूल : ८. सकाळी : ०.७४. दुपारी : ०.७१. सायंकाळी : ०.६८.' वॉकरवर एक हात, खडूवर दुसरा. बाजारला जाणारी माणसं थांबून वाचायची. दुधवाला मला सायकलवरून विचारायचा, "साहेब, आज कमी झालं वाटतं?"

जालन्याच्या साहेबांपर्यंत ती भिंत गेली. मला सांगण्यात आलं, जाऊन पुसायला लावा, ऑफिसची बदनामी होते. मी गेलो. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भिंत माझी, खडू माझा, आकडा तुमचा. ज्याचं जे असंल ते त्यानं पुसावं."

मोबाईलवरून नेट वापरा, असं त्यांना सगळं गाव सांगत होतं. एकदा मीही सांगितलं. त्यांच्या गल्लीत टॉवर धड नव्हता हे खरंच, पण त्यांचं उत्तर वेगळं होतं. "नळपट्टी मी भरते, तर पाणी नळाला आलं पाहिजे. टँकर मागवा म्हणणारा कोण तू? अंबडमधी सगळ्यांनी असंच टँकर मागवून मागवून नळ कोरडे ठेवलेत."

जानेवारीच्या अखेरीस एका सकाळी मामू ऑफिसात येऊन म्हणाला, चला, बाईंनी बोलावलंय, खांबापाशी. गेलो तर पंधरावीस माणसं जमलेली. बाईंनी खांबाशेजारी खुर्ची टाकली होती, मांडीवर लॅपटॉप, शेजारी स्टुलावर मोडेम, घरातून विजेची लांब वायर आणलेली. मामूला त्यांनी खांबावरच्या डब्यातून घराकडं येणारी तार सोडवायला लावली आणि तिथंच थेट मोडेम जोडायला लावला. म्हणजे घर पूर्ण बाजूला. वेग मोजला. पाऊण एमबी.

चार नंबर वकील गर्दीत होता. तो म्हणाला, बाई, पुरावा झाला. बाईंनी त्याला गप्प केलं आणि माझ्याकडं वळल्या.

"एकवीस, आता खांब तुमचा, डबा तुमचा, तार तुमची. माझं घर यात कुठंय, दाखव."

लोक हसले. मामू जमिनीकडं बघत होता. मी म्हणालो, तपासतो बाई. "तपास," त्या म्हणाल्या, "अन् पायऱ्या लिहून आण. नुसतं उत्तर नको."

मी दुसऱ्याच दिवशी मामूला सांगून जोड्या पुन्हा जागच्या जागी केल्या. बाईंचा वेग सात पॉइंट दोनवर गेला, माझा पाऊणवर आला. मला वाटलं, सुटलो. तक्रार बंद करायचा कागद घेऊन गेलो. तक्रार बंद करायला ग्राहकाची सही लागते असा एक नियम आहे. आम्ही तो कधी पाळत नव्हतो, बाईंनी तो शोधून काढला होता. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'दोष दूर केला.' बाईंनी कागद परत केला. "दोष कोणता? कुठं होता? कुणी केला? उत्तर बराबर आलं म्हणून मी कधी पूर्ण मार्क दिले का?"

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. गावात कुणालाच कळेना की वेग आलाय तर ही बाई भांडते कशासाठी. भिंतीवर रोज '७.२' आणि त्याखाली 'कारण : अद्याप नाही' असं येत राहिलं. मी पाच वेळा कागद घेऊन गेलो. सांधा गंजला होता, असं एकदा लिहिलं. "कोणता सांधा? चल, मला दाखव," म्हणून त्या वॉकर घेऊन उठल्या. मी पळ काढला.

सवितानं मार्चमध्ये परीक्षा दिली. वेग आल्यापासून तिला जेमतेम दीड महिना मिळाला होता. मेच्या अखेरीस निकाल लागला. सगळे विषय निघाले, गणित राहिलं. एकोणीस मार्क.

हे मला मामूनं सांगितलं. मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तुम्हाला कुणी विचारलंय का? मग गप बसा. विचारलं होतं. बाई चार महिने तेवढंच विचारत होत्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सकाळी साडेसातला गेलो. बाई ओसरीवर होत्या, समोर पडद्यावर सविता. जुलैच्या फेरपरीक्षेची तयारी सुरू झाली होती. निकाल लागल्यापासून एकही सकाळ चुकली नव्हती, हे मला नंतर कळलं. बाई म्हणाल्या, "ये. कारण आणलं?"

मी उभ्यानंच सांगितलं. "बाई, तुमची जोडी माझ्या घरी होती."

त्यांनी खडू खाली ठेवला. कोणत्या तारखेपासून, एवढंच विचारलं. सांगितली. बदलली कुणी? मी. मामू? मी सांगितलं म्हणून. पहिली तक्रार आली तेव्हा ठाऊक होतं? होतं. त्या एखादं उदाहरण तपासावं तसं एकेक विचारत गेल्या आणि मी उत्तरं देत गेलो. मग त्यांनी लॅपटॉप उचलून माझ्याकडं फिरवला.

"मला काय सांगतो? माझा नुसता वेग गेल्ता. वर्ष हिचं गेलं. हिला सांग."

चित्र अगदी स्वच्छ होतं. सविताच्या ओल्या केसांतून खांद्यावर पडणारं पाणी दिसत होतं, मागं भिंतीवर अंगणवाडीचा तक्ता दिसत होता, आणि तिचा चेहरा दिसत होता. आठ महिने हे चित्र इथं पोचू दिलं नाही ते मीच. मी तिला सगळं सांगितलं. जोडी म्हणजे काय तेही सांगितलं, कारण तिला ते माहीत असायचं कारण नव्हतं.

ती रागावली नाही. वहीकडं बघत म्हणाली, "भाऊ, आत्याचा आवाज तुटायचा ना, तवा मी हो समजलं म्हणायचे. परत परत विचारलं तर आत्याला वाटंल, हिच्या डोक्यात शिरतच न्हाई. अन् मला बी तसंच वाटून राह्यलं होतं. मी ढ आहे म्हणून."

बाईंना हे पहिल्यांदाच कळत होतं. त्यांनी लॅपटॉप आपल्याकडं वळवला. "तू माझ्याशी खोटं बोलली, सविता. ते आपण नंतर बघू." आवाज नेहमीचाच होता, पण त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला पदर शोधायला त्यांना बराच वेळ लागला.

मी म्हणालो, बाई, मला माफ करा.

"माफी माझा विषय न्हाई. गणित आहे. कारण लिही."

मी कागद गुडघ्यावर ठेवून लिहिलं. 'सदर ग्राहकाची चांगली जोडी मी काही काळ स्वतःच्या घरी वापरली व ही बाब लपवून तक्रारी चुकीच्या कारणाने बंद केल्या.' बाईंनी वाचलं, 'काही काळ' यावर काट मारली आणि वर दोन्ही तारखा लिहायला लावल्या. मग सही केली, पूर्ण नावानं, सावकाश.

तो कागद मी स्वतः जालन्याला नेऊन दिला. मला मेमो मिळाला, चौकशी झाली, पगारवाढ थांबली, आणि सप्टेंबरपासून जाफराबादला बदली झाली. लोकांना कारण कळायला वेळ लागला नाही, पण ते बाईंकडून कळलं नाही. भिंतीवर माझं नाव येईल म्हणून मी रोज आडवाटेनं ऑफिसला जात होतो. आलं नाही. खतवाल्यानं त्यांना विचारलं म्हणे, बाई, कारण कळलं का? त्या म्हणाल्या, "कळलं. ते ऑफिसच्या कागदावर आहे. भिंतीवर मी फक्त आकडे लिहिते."

आजही कुणी मला सांगतं, जाऊ द्या, तुम्ही कबूल तरी केलंत, कोण करतं. मी ते ऐकून घेत नाही. मी कबूल केलं कारण एका बाईनं काम झाल्यावरसुद्धा सही द्यायची नाकारली. दुसरं कुणीही असतं तर वेग आल्यावर मला पेढा दिला असता.

ऑगस्टमध्ये, जाफराबादला जायच्या आधीचा रविवार होता. घरचा फोन वाजला. माझी जोडी आता तीच, जिच्यावर बाईंनी आठ महिने काढले, आणि पावसात ती फारच खरखरते. मी आवाज चढवून हॅलो हॅलो केलं. पलीकडून बायकी आवाज आला, हसनाबादहून सविता बोलते म्हणून.

"भाऊ, गणित निघालं. अर्ज भरून राह्यले मी आज."

मी काहीतरी बोलायला गेलो. तिनं मला थांबवलं.

"आत्यानं सांगितलंय, त्याचं अभिनंदन घ्यायचं न्हाई. नुसते मार्क सांग अन् फोन ठेव."

मग तिनं मार्क सांगितले. खरखरीत मला ते ऐकू आले नाहीत. काय म्हणालात, असं विचारेपर्यंत तिनं फोन ठेवला होता. किती मार्क पडले ते मी आजवर कुणालाही विचारलेलं नाही.